उजवा पाय, डावा पाय

ज्या बाईंकडं मी राहते त्यांचे पाय रोज सकाळी माझ्या मांडीवर असतात. कोमट पाणी, मऊ फडकं, टिपून कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्या पुसायच्या आणि मग मलम. हे करता करता मला त्या पायांची एकेक रेघ पाठ झाली आहे. माझ्या स्वतःच्या आईचे पाय मी इतके कधी बघितले नाहीत. तिच्या टाचांना काळ्या मातीच्या भेगा असायच्या, एवढंच आठवतं. त्या भेगांत ती मेण आणि खोबरेल कढवून भरायची.

मी परभणीकडची. सातवी झाली आणि शाळा सुटली. लग्न झालं, तेही फार टिकलं नाही. आमच्या गावची एक बाई नालासोपाऱ्यात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम करायची, तिच्या ओळखीनं मी इकडं आले आणि वसईजवळच्या गिरीजमध्ये या घरात राहिले. मागं केळीची आणि नारळाची वाडी, ती आता दुसरी माणसं कसतात. घरात बाई एकट्या. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा वारलेला, एकच मुलगी, ती कॅनडात. सगळी आळी त्यांना टीचर म्हणते. मी बाई म्हणते. शेजाऱ्यांशी त्या घरच्या बोलीत बोलायला लागल्या की मला अर्धंअधिक कळत नाही, माझ्याशी मात्र शाळेतलं स्वच्छ मराठी.

स्वभावानं मी भित्री. हातातनं पेला जरी सुटला तरी वाटतं, झालं, आता काढून टाकतात. या घरानं मला आजवर काढलं नाही. झोपायला वेगळी खोली दिली, खोलीला आतून कडी दिली. ज्यांच्या दाराला कायम कडी होती त्यांना यातलं काही कळायचं नाही. मी मात्र त्या कडीवर हात ठेवून कितीदा तरी देवाचं नाव घेतलं आहे. माझ्या देवाचं आणि त्यांच्याही.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता बाईंच्या पायांची कातडी फारच बिघडली. नडग्यांवर पांढरे पापुद्रे, घोट्याभोवती लालसर चट्टे, टाचांना भेगा. खाजवून खाजवून झोप नाही. मी चादर झटकली की भुसा पडावा तसं पडायचं. बाईंना त्याचीही चेष्टा सुचायची.

"खवले आलेत बघ माझ्या पायांवर. कोळीण आली की तिच्या पुढ्यात ठेव, म्हणावं साफ करून दे."

त्याच सुमाराला त्यांचा उपवासकाळ सुरू झाला. कपाळाला राख लावून आल्या त्या बुधवारनंतरच्या रविवारी मी त्यांना चर्चमधनं घ्यायला गेले, तर बाई पायरीवर उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर लहान पोरीसारखं काहीतरी होतं.

"या वर्षी आपल्या आळीची पाळी आहे," त्या म्हणाल्या. "बारा जणांत माझं नाव घातलंय."

मला काही उमजलं नाही. रिक्षात बसल्यावर त्यांनी समजावलं. ईस्टरच्या आधी पवित्र गुरुवार येतो. येशूनं त्या दिवशी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं आणि जेवताना उठून त्यांचे पाय धुतले. म्हणून त्या संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बारा माणसांना पुढं खुर्च्यांवर बसवतात, गुडघे टेकतात, प्रत्येकाचा पाय धुतात, पुसतात आणि त्याला ओठ लावतात. त्यांच्या चर्चमध्ये एकच पाय धुतात, उजवा. दर वर्षी वेगळ्या आळीची पाळी. पूर्वी फक्त पुरुष असायचे. आता बायकांनाही घेतात.

"आमच्या ह्यांचं नाव एकदा आलं होतं," बाई म्हणाल्या. ह्यांचं म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं. ते वाडी करायचे. "केळीचा चीक पायाला, तो काय जातो? मोटारीच्या पाण्याखाली बसून नारळाच्या सोडणानं घासत बसले. पाय लाल झाले पण डाग तसेच. मी म्हटलं, राहू द्या, फादरांच्या घरीही केळीच खातात. त्या दिवशी घरी आले ते पायाकडंच बघत बसले. जेवलेही नाहीत नीट. मग म्हणाले, मला असं आजवर कुणी धरलं नव्हतं."

रिक्षा माणिकपूरच्या रस्त्याला अडकली होती. बाई बाहेर बघत होत्या. "मी तेव्हा मागं बाकावर बसून बघितलं. मला वाटलं, आपल्याला हे मिळायचं नाही. बाईमाणूस ना."

मग त्यांनी साडी जराशी वर करून आपल्या उजव्या पायाकडं बघितलं आणि लगेच झाकला.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. गुरुवारपर्यंत पाय बरे झाले पाहिजेत. मुलीला व्हिडिओ कॉलवर पाय दाखवले. तिनं तिकडनं येणाऱ्या कुणाबरोबर एक क्रीम धाडलं. इकडं आम्ही माणिकपूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो, त्यांनी दुसरं क्रीम लिहून दिलं. म्हणजे दोन झाली. बाईंनी ती दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उभी केली, भिंग घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. मलाही वाचायला लावली. मी एकेक अक्षर जोडत ग्लि-स-रि-न म्हणलं, तर म्हणाल्या, "शाब्बास. पुढं?" पुढचा शब्द हायलुरॉनिक होता. तिथं मी हात टेकले.

मुलीच्या क्रीमवर लिहिलं होतं की यातलं काही कातडीवरच्या चांगल्या जंतूंना पोसतं. बाईंनी भिंग खाली ठेवलं.

"जंतूंना?"

"मम्मी, गुड बॅक्टेरिया असतात ते," मुलगी फोनवर म्हणाली. "मायक्रोबायोम म्हणतात. सगळे इथं तेच वापरतात आता."

"अगं, जन्मभर साबण लावून त्यांना मारलं, पोरांनाही मारायला शिकवलं. आता म्हातारपणी त्यांना जेवण घालू?"

दोन्ही घेऊन आम्ही परत डॉक्टरीणबाईंकडं. त्या तरुण, हसऱ्या. त्यांनी डब्या हातात घेऊन सांगितलं. त्यांचं क्रीम पाणी धरून ठेवणारं. ग्लिसरिन, हायलुरॉनिक ॲसिड आणि युरिया, ही तिन्ही पाणी ओढून कातडीत धरतात. पण नुसतं ओढून भागत नाही, हवा कोरडी असली तर तेच पाणी उडून जातं, म्हणून वरनं झाकण लागतं, त्यासाठी त्यांनी पेट्रोलियम जेली लावायला सांगितली. युरिया पापुद्रे मऊ करतं, पण भेगेत गेलं तर झोंबतं. मुलीचं क्रीम वेगळ्या वाटेनं जाणारं. त्यात ओट्सचा अर्क, इन्युलिन नावाची एक साखर, आणि लायसेट म्हणून काहीतरी. ते मेलेल्या जंतूंचे तुकडे असतात, असं त्या म्हणाल्या. साखरेवर कातडीचे आपले जंतू जगतात, आणि ते नीट जगले तर वाईट जंतूंना जागा मिळत नाही.

"त्वचेवरचे सगळेच जंतू शत्रू नसतात, आजी. काही आपले वॉचमन असतात."

"वॉचमन झोपतात," बाई म्हणाल्या. "मला माहीत आहे."

डॉक्टरीणबाई खूप हसल्या. "पहिल्याचा फरक लगेच दिसतो. दुसरं हळू चालतं, आणि खरं सांगू का, त्याच्याबद्दल अजून सगळं पक्कं कळलेलं नाही. पण दोघांत भांडण नाहीये. दोन्ही लावा ना."

"दोन्ही लावली तर लागू कोण पडलं हे कळणार कसं?" बाईंमधली टीचर जागी झाली. "एका पायाला एक, दुसऱ्याला दुसरं. परीक्षा घेऊ."

डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले. चालेल म्हणाल्या. एवढंच बजावलं की गरम पाणी नको, कडक साबण नको, घासणं नको.

कुठल्या पायाला कुठलं, हे बाईंनी रिक्षात बसायच्या आधीच ठरवलं होतं. उजव्याला पाणी धरणारं. डाव्याला जंतू पोसणारं. कारण विचारायची गरज नव्हती. फादर ओठ लावणार तो उजवा.

घरी आल्यावर मला त्यांनी वाडीत नेऊन दाखवलं. केळीच्या बुंध्याशी आळं, आळ्यात सुकलेली पानं पसरलेली. "हे बघ, पाणी दिलं ते ग्लिसरिन. वर पाला घातला ती तुझी जेली. पाला नसला तर उन्हानं पाणी जातं."

"आणि मुलीचं क्रीम, बाई?"

त्यांनी काठीनं पाला जरा सरकवला. खाली माती ओली, भुसभुशीत, आणि तीत गांडूळ वळवळत होतं.

"हे," त्या म्हणाल्या, आणि तोंड वाकडं केलं. "मातीत बरं आहे ते. चर्चमध्ये नको."

पहिले काही दिवस उजवा पुढं होता. पापुद्रे बसले, कातडी तुकतुकीत दिसायला लागली. युरिया भेगांत झोंबायचं, बाई ओठ दाबून म्हणायच्या, "झोंबतंय म्हणजे काम करतंय." डावा आपला तसाच, मंद. बाई त्याला ढ म्हणायच्या. "मागच्या बाकावरचा," म्हणायच्या. मी रोज उजेडात पाय धरून फोटो काढायची आणि मुलीला पाठवायची. पाय बिघडला तर ती माझ्याकडूनच बिघडला म्हणणार, असं मला सारखं वाटायचं. ती बिचारी कधी तसं बोलली नाही.

मग उलटं व्हायला लागलं. डावा सावकाश निवळत गेला. घोट्याचा लाल रंग फिका पडला, खाज कमी झाली. आणि उजवा पुन्हा कोरडा पडला. क्रीम लावलं की तासाभरात जसाच्या तसा. नडगी चकाकायची, पण ताणलेल्या कागदासारखी. टाचेची भेग रुंद झाली. मी जेली जास्त लावून बघितली, मोजे घालून बघितले. काही चालेना. मला वाटलं माझ्याच हातात काही दोष आहे. एकाच हातानं दोन्ही पायांना लावते, एक बरा होतो आणि एक नाही, हे कसं?

एका दुपारी मी नाक्यावर मासळीला गेले होते. कोळीण आली नव्हती, म्हणून तशीच परत फिरले. मागच्या दारानं आत येताना वास आला. दवाखान्यात शिरताना येतो तो. मागच्या ओट्यावर बाई बसल्या होत्या. पुढ्यात प्लॅस्टिकचा टब, त्यात ताकासारखं पांढरट पाणी, पाण्यात एकटा उजवा पाय. हातात कपडे घासायचा ब्रश.

मला बघून त्यांनी ब्रश लपवला नाही. नुसता थांबवला.

"लवकर आलीस."

"बाई, हे काय? हे कधीपास्नं चाललंय?"

"ओरडू नकोस. केळीत माणसं आहेत."

मी खालीच बसले. जंतुनाशकाची बाटली ओट्याच्या कोपऱ्यात होती, निम्मी झालेली. मी ती फरशी पुसायला आणली होती.

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? घासायचं नाही म्हणल्या ना?"

"त्यांच्या पायाला कोणी ओठ लावणार नाहीये."

"पण बाई..."

"तू घरी पूजेला बसतेस तेव्हा अंघोळ न करता बसतेस का?" त्या टीचरच्या आवाजात म्हणाल्या. मग आवाज उतरला. "फादर ओठ लावणार तिथं. तिथं मी जंतू ठेवू? डाव्याला घाल काय घालायचं ते. उजवा मला स्वच्छ पाहिजे."

आमच्याकडंही देवाला हात लावायचा तर अंग धुऊनच. मी म्हणलं, साध्या पाण्यानं धुवू, मीच धुते, चांगली धुते. त्या हो म्हणाल्या. मी बाटली उचलून माझ्या खोलीत ठेवली. पण फार उशीर झाला होता, आणि साध्या पाण्यानं त्यांचं समाधानही होत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले की न्हाणीत अंगाचा साबण आणि ब्रश यांचा आवाज यायचा. मी दाराशी उभी राहायची. आत जाऊन हातातनं काढून घ्यावा, असं वाटायचं. पण कामाची बाई मालकिणीच्या हातातनं कसं काढून घेणार?

आमच्या आळीत बारांपैकी आणखी एक जण होते, शेजारचे निवृत्त अंकल. संध्याकाळी ते फाटकाशी यायचे. एकदा म्हणाले, "टीचर, माझी सून मला माणिकपूरला पार्लरमध्ये घेऊन चाललीय, पेडिक्युअर करायला! अहो, पवित्र गुरुवारी वसईतल्या फादरांना धुवायला मळका पाय मिळतच नाही. सगळे घरून धुऊन जातात."

बाई हसल्या, मीही हसले. हसता हसता बाईंनी उजवा पाय खुर्चीखाली घेतला.

पवित्र गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी सगळे हातात झावळ्या घेऊन रांगेनं चर्चभोवती फिरतात. मी म्हणलं, तुम्ही बसून राहा. ऐकल्या नाहीत. मिस्सा संपल्यावर घरी येऊन मी मोजा काढला तर टाचेपाशी लाल होता. भेग आतपर्यंत उघडली होती, आणि घोट्यावरच्या चट्ट्यातनं पाणी येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली. गोळ्या दिल्या. आठवडाभर तरी उघडायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही. मग डावा पाय उजेडात धरून बघितला आणि त्यांना फार आनंद झाला.

"आजी, हा बघा किती सुंदर झालाय! म्हणजे मुलीचं क्रीम जिंकलं!"

मी जमिनीकडं बघत बसले. डावा जिंकला नव्हता. त्याला फक्त कोणी छळलं नव्हतं. त्याला कुणी ओठ लावणार नव्हतं, म्हणून तो वाचला. हे मी बोलणार नव्हते. पण बाईच बोलल्या.

"परीक्षा रद्द करा, डॉक्टर. उजव्याला मी चोरून मारत होते."

आणि सगळं सांगितलं. ब्रश, बाटली, टब. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असं धुतल्यानं कातडीचं स्वतःचं तेल जातं, राखणारे जंतूही जातात, मग पाणी धरणारं क्रीम कितीही चांगलं असलं तरी धरणार कशात? गळक्या हंड्यात? बाई नुसत्या मान हलवत राहिल्या, ज्याला धडा आधीच कळला आहे अशा पोरासारख्या.

परतताना रिक्षात मी धीर केला. "बाई, फादरांना सांगू या की. डावा धुवा म्हणावं. देवाला काय, डावा न् उजवा."

"फादर हो म्हणतील," त्या म्हणाल्या. "तेच तर आहे."

"मग?"

"मी विचारायला गेले तर ते म्हणतील, टीचर, उजव्याला काय झालंय? आणि दुखरा आहे म्हटलं तर म्हणतील, तोच द्या. मी ओळखते त्यांना. पट्टीवर ओठ ठेवतील सगळ्यांदेखत." त्यांनी पदर तोंडाला लावला. "दर सोमवारी मी पोरांचे पाय बघायची, माहितेय? रांगेत. ज्याचे फुटलेले, मळलेले, त्याला नळावर पाठवायची. सगळ्यांदेखत. तीच पोरं आता बाकांवर बसलेली असतात, मोठी झालेली. त्यांच्यासमोर हा पाय पुढं करू?"

मला म्हणायचं होतं की त्या पोरांना काही आठवत नसेल. पण मला माझी शाळा आठवली. माझे पाय तपासलेले मला आठवत होते.

घरी येऊन त्यांनी फादरांना स्वतः फोन केला. मी चहा ठेवत होते, ऐकत होते. आवाज अगदी ठणठणीत. "नाही नाही, विशेष काही नाही, फादर, जरा पायाचं दुखणं. हो, दुसऱ्या कोणाला बसवा. आमच्या आळीत मंडळी आहेत की. पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी दुसऱ्या आळीची पाळी ना, फादर." मग हसल्या. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ तो फोन आपल्या मांडीवर उलटा सुलटा करत राहिल्या. चहा निवला.

गुरुवारी मला वाटलं त्या जाणार नाहीत. पण दुपारीच त्यांनी ठेवणीतली साडी काढायला सांगितली. आम्ही मागच्या बाकावर बसलो. मी परधर्माची, पण मला तिथं कधी कुणी परकं केलं नाही, सगळे उठतात तेव्हा उठते, बसतात तेव्हा बसते. पुढं बारा खुर्च्या. अंकल तिसऱ्या खुर्चीवर, पँट जराशी दुमडलेली, पेडिक्युअर केलेला पाय गोरापान. ज्या खुर्चीवर बाई बसणार होत्या तिथं आळीतलीच एक तरुण बाई होती. ती लाजत होती.

फादरांनी वरचा झगा काढला, कमरेला टॉवेल बांधला. एक जण तांब्या धरून, एक जण परात धरून. फादर वयस्कर आहेत, दर खुर्चीपाशी गुडघे टेकताना हातानं खुर्ची धरत होते. पाणी पडायचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत होता.

मला माझं लग्न आठवलं. आमच्याकडं नवरदेवाचे पाय धुतात. माझ्या बापानं वाकून त्याचे पाय धुतले होते, पितळेच्या परातीत, आणि आई पाणी घालत होती. बापाला वाकताना मी तेवढं एकदाच बघितलं. ज्याचे धुतले त्यानं काय केलं ते सांगण्यासारखं नाही. पण तिथं बसून मला वाटलं, पाय धुणारा गुडघ्यावर असतो, आणि ज्याचा धुतला जातो त्याला ते कुठंतरी खोल लागत असलं पाहिजे. बरं किंवा वाईट.

त्या तरुण बाईच्या पायापाशी फादर वाकले तेव्हा बाईंनी डोळे मिटले. त्यांचा हात माझ्या हातावर होता. पुढच्या खुर्चीकडं फादर सरकले तसे त्यांनी डोळे उघडले.

रिक्षा चर्चच्या बाहेर मिळाली नाही म्हणून आम्ही थोडं चाललो, हळूहळू. मला काहीतरी बोलायचं होतं, त्यांना बरं वाटेल असं. मी म्हणलं, "बाई, मी रोज धुते की तुमचे पाय."

त्या थांबल्या. रागावल्या नव्हत्या.

"धुतेस. फार चांगले धुतेस. माझ्या मुलीनं धुतले नसते इतके." मग म्हणाल्या, "पण तुला धुवावे लागतात, पोरी. तुझं काम आहे ते. फादरांना धुवावे लागत नव्हते, तरी ते धुणार होते."

मला लागलं नाही, असं मी म्हणणार नाही. रिक्षात मी दुसरीकडं तोंड करून बसले. खोटं त्या काहीच बोलल्या नव्हत्या. मी त्यांचे पाय मायेनं धुते, पण सुरुवात पोटासाठी झाली होती, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. ज्यांनी मला कडीची खोली दिली त्यांना मला देता येईल असं ते नव्हतंच. माझ्याकडं होतं ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. घरी आल्यावर मी आईला फोन लावला. म्हणलं, तुझ्या टाचा कशा आहेत? ती म्हणाली, "टाचेला काय धाड भरली? पैशे लागलेत का तुला?" मी म्हणलं, नाही, असंच.

त्यानंतर बाईंनी ब्रशला हात लावला नाही. लावायचं कारणच उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यानं आता दोन्ही पायांना दोन्ही क्रीमं लावतो, आधी ओलसर कातडीवर पाणी धरणारं, मग मुलीचं, वरनं जेली. उजवा सावकाश भरून आला. आंबे आले तोवर दोन्ही पाय सारखे झाले होते, कुठला कुठला ते ओळखू येऊ नये इतके. मुलीनं फोनवर विचारलं, "मम्मी, शेवटी चांगलं कुठलं? माझ्या मैत्रिणी विचारतायत." बाई म्हणाल्या, "दोन्ही चांगली. तिसरं म्हणजे माणसानं आपल्या पायाला सुखानं राहू द्यावं. ते तुमच्या डबीवर लिहिलेलं नसतं."

ईस्टरनंतर फादर घरोघर फिरून घरं आशीर्वादित करतात. आमच्याकडं ते दुपारी आले. बाई मागच्या ओट्यावर पाय पसरून उन्हाला बसल्या होत्या आणि मला म्हणत होत्या, "बघ तरी, काय छान झालेत. तरुण मुलीचे असावेत असे." फाटक वाजलं, फादरांचा आवाज आला, आणि बाईंनी झटक्यात दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले.

फादरांनी खोल्याखोल्यांत पवित्र पाणी शिंपडलं, माझ्याही खोलीत शिंपडलं. मग खुर्ची ओढून बाईंसमोर बसले. मी सरबत आणलं.

"टीचर, पाय कसा आहे आता? त्या दिवशी तुम्ही हव्या होतात."

"बरा आहे, फादर," बाई म्हणाल्या. "अगदी बरा."

साडीचा काठ त्यांनी बोटांवरनं आणखी खाली ओढला. मी सरबताचा ट्रे धरून उभी होते. दाखवा की, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. फादर इतके जवळ बसले होते की जरा वाकले असते तर हात पोचला असता. त्यांनी सरबत संपवलं, बाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या घरी गेले.

"दाखवायचा होता, बाई," मी म्हणलं.

"बरा झालेला पाय काय दाखवायचा? आता त्यांना धुवायला त्यात काय आहे?" त्या म्हणाल्या आणि ग्लास माझ्या हातात दिला. ओट्यावर ऊन तसंच होतं. पण त्यांनी पाय काही पुन्हा बाहेर काढले नाहीत.